दातानं पारखलेली गिटार

आमच्या गल्लीत काही विकत घ्यायचं म्हणजे आधी भीमाप्पाला विचारायचं, मग बायकोला आणि सगळ्यात शेवटी खिशाला. म्हैस असो, शिलाई मशीन असो, नाहीतर जावई असो. जावई ही काही विकत घ्यायची वस्तू नव्हे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची लग्नं बघितलेली नाहीत. भीमाप्पा बरोबर नसताना आणलेली वस्तू गल्ली धड वस्तूच मानायची नाही. समोरच्या धोंडुबाईच्या थोरल्यानं एकदा परस्पर सायकल आणली. सायकल उत्तम होती. तरी धोंडुबाई तीन वर्षं तिला "कुणाला न इचारता आणलेली" असंच म्हणायची आणि पंक्चर झालं की खूश व्हायची.

भीमाप्पाचं मूळ गाव गडहिंग्लजच्याही खाली, जिथं माणूस मराठीत वाक्य सुरू करतो आणि कानडीत संपवतो. कोल्हापुरात तो शाहूपुरीतल्या एका अडत दुकानात गुळाचा पारखी होता. गुळाचे रवे, म्हणजे तीस तीस किलोच्या ढेपा, ओळीनं मांडलेले असायचे आणि हा मोठ्या डॉक्टरानं वॉर्डातून फिरावं तसा त्यांच्यातून फिरायचा. बोटाच्या पेरानं एक टकटक, मग खिळ्यानं रव्याच्या पोटातून काढलेला एक खडा दाढेखाली. डोळे मिटून चावायचा. "गुळाची गोडी शेंबड्या पोरालाबी कळती," म्हणायचा. "आवाज कळाय पायजे. त्यो दातात असतोय."

त्याचे नेम कडक होते. पारखणावळ घ्यायची नाही. घेणाऱ्याच्या घरचा बशीभर चहा तेवढा चालायचा. विकणाऱ्याच्या घरचं मात्र पाणीसुद्धा नाही. आणि विकणाऱ्यासमोर मत बोलून दाखवायचं नाही. डोक्यावरची पांढरी टोपी दोन्ही हातांनी सरळ केली म्हणजे वस्तू पसंत. टोपी काढून मांडीवर ठेवली म्हणजे गुमान उठायचं. मी अकरावीला शास्त्र घ्यावं की वाणिज्य, हे ठरवायलासुद्धा आमच्या दादांनी त्याला कॉलेजात नेलं होतं. त्यानं दोन्ही वर्गांतली बाकं हलवून बघितली आणि शास्त्राच्या वर्गात टोपी सरळ केली. वाणिज्याची बाकं डुगडुगत होती. दादा हायस्कुलात मास्तर, पण त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

अलीकडं तो फार बोलत नसे. काही विचारलं की तोंडाकडं एकटक बघायचा, बराच वेळ गप्प राहायचा आणि मग एखाद्या शब्दात निकाल द्यायचा. या गप्प राहण्यानं त्याचा दबदबा आणखी वाढला होता. बोलायचा तेव्हा मोठ्यानं बोलायचा, पण ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. आमच्याकडं कानात सांगितलेली गोष्टही चौकापर्यंत जाते.

आता माझं सांगतो. मी नृसिंह, घरात आणि गल्लीत नरसू. १९८३ साली मी तेवीस वर्षांचा होतो, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन होतो आणि माझ्या डोक्यात हेवी मेटल शिरलं होतं. एका मित्राचा भाऊ जहाजावर होता. त्यानं आणलेल्या कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं करत करत ती माझ्यापर्यंत आली होती. त्यातलं गाणं कुठं संपतं आणि टेपची खरखर कुठं सुरू होते हे कळायचं नाही, पण मला दोन्ही आवडायचं. दिवसभर फाउंड्रीत घणाचे घाव ऐकायचे आणि घरी येऊन तेच सुरात ऐकायचे, असा माझा आनंद होता. आईला वाटायचं, पोराला कामाचा ताण झालाय.

मग मी आणि पिराजीनं बँड काढला. पिराजी लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टीबरोबर ड्रम बडवायचा. बँडात आम्ही दोघंच होतो. तिसरा कुणी यायला तयार नव्हता, आणि आम्हाला तरी तिसऱ्याला द्यायला काय होतं? गल्लीतल्या तालमीच्या गणपतीपुढं पाचव्या दिवशी आरतीआधी अर्धा तास वाजवायची परवानगी मात्र आम्ही मिळवली. "इलेक्ट्रिक गिटार हाय न्हवं?" असं तालमीच्या मंडळींनी विचारलं. मी "आहे की" म्हणून सांगितलं. नव्हती.

गणपतीला पंधरा दिवस उरले असताना पिराजीनं बातमी आणली. इचलकरंजीत केरबा नावाच्या माणसाचा ऑर्केस्ट्रा मोडलाय, त्याच्याकडं दोन इलेक्ट्रिक गिटारी विकायला आहेत. मी चार महिन्यांचा पगार साठवून ठेवलेला होता. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "भीमाप्पाला घेतल्याशिवाय जायचं नाही."

"दादा, त्यांना गिटारीतलं काय कळतंय?"

"म्हशीतलं काय कळत होतं? त्याच्या सात पिढ्यांत म्हैस नव्हती. एक तरी चुकली का?"

मी भीमाप्पाकडं गेलो. त्याची बायको शांतव्वा दारात ज्वारी पाखडत होती. माझं ऐकून तिनं सूप खाली ठेवलं, आत जाऊन नवऱ्याच्या समोर बसली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, नवीन वस्तू आहे म्हणून समजावतेय.

भीमाप्पानं माझ्याकडं बघितलं. "वापर काय?" हा त्याचा प्रत्येक वस्तूबद्दलचा पहिला प्रश्न असायचा.

तोंडी सांगणं मला जमेना. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला फाउंड्रीत घेऊन गेलो. भट्टीचा पंखा घोंघावत होता, पलीकडं दोघं जण घणानं बिडाचं लोखंड फोडत होते. मी त्याच्याकडं तोंड करून ओरडून सांगितलं, "अण्णा, असा आवाज पाहिजे. पण सुरात. आणि तार छेडली की लवकर मरता कामा नये, टिकला पाहिजे." भीमाप्पानं भिंतीला तळहात लावला. बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की घणवाले दोघे काम थांबवून बघायला लागले. मग म्हणाला, "कळलं तम्मा. जड पायजे, आणि टिकाव पायजे. गुळागत." लहान भावाला तम्मा म्हणतात तिकडं. मला तो सुरुवातीपासून तम्माच म्हणायचा.

रविवारी आम्ही इचलकरंजीला गेलो. केरबाची खोली एका मागांच्या शेडला लागून होती आणि शेडमध्ये वीस-बावीस यंत्रमाग एकदम चालू होते. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं ऐकलाय त्याला सांगितलेलं ऐकू येणार नाही. जमीन थरथरत होती. कपाटावरची तस्बीर भिंतीवर आपटत होती. मी "नमस्कार" म्हणालो ते मलाच ऐकू आलं नाही.

केरबानं दोन्ही गिटारी खाटेवर मांडल्या. एक लाल होती, चकचकीत, दोन्ही बाजूंना अणकुचीदार शिंगं, वर विजेच्या आकाराचं स्टिकर. कॅसेटच्या कव्हरावर लांब केसांचा माणूस धरून उभा असतो, अगदी तशी. मी बघितलं आणि संपलो. दुसरी तपकिरी होती, ओबडधोबड, रंग उडालेली, घरातला पाट घेऊन त्याला दांडा बसवावा तशी. तिलाही शिंगं होती, पण ती म्हाताऱ्या बैलाची वाटत होती. केरबा लाल गिटार हातात घेऊन काहीतरी जोरजोरात सांगत होता. तोंड हलत होतं, हात हलत होते, डोळे पाणावत होते. तिची थोरवी सांगत असावा.

भीमाप्पानं आधी दोन्ही उचलून वजन बघितलं. मग पेरानं टकटक केली. मग लाल गिटार उभी धरली, तिच्या शिंगाला दात लावले आणि एक तार छेडली.

केरबाच्या हातातली विडी खाली पडली. मी लाजेनं मेलो. भीमाप्पानं शिंग सोडलं, दुसरी तार छेडून पुन्हा चावलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. लाल रंगावर चार दातांची स्वच्छ खूण उमटली होती. मग त्यानं तपकिरी गिटार उचलली. तिच्या शिंगात दात रोवले, तार छेडली आणि डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो. तो शिंग सोडेना. तार केव्हाच थांबली असावी असं मला वाटत होतं, पण याची मान हळूहळू डुलत होती. शेवटी त्यानं डोळे उघडले, ते भरून आलेले होते, आणि दोन्ही हातांनी टोपी डोक्यावर सरळ बसवली.

मी हातवारे करून "लाल, लाल" म्हणत होतो. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. भीमाप्पा आणि केरबा एकमेकांसमोर बसले होते आणि दोघांचे ओठ हलत होते. केरबा वैतागला, मग हसला, मग त्यानं मांडीवर थाप मारली, भीमाप्पानं मान हलवली, केरबानं खाटेखालून पोतं काढलं. मला काही कळायच्या आत तपकिरी गिटार पोत्यात बांधली जात होती. माझ्या गिटारीचा सौदा माझ्यासमोर होऊन गेला आणि मला एक शब्द ऐकू आला नव्हता.

केरबा आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आला. तिथं जरा ऐकू येत होतं. "पावणं, तुमी कंच्या शेडला हुता?" त्यानं भीमाप्पाला विचारलं. भीमाप्पा रस्त्याकडं बघत होता, त्यानं उत्तर दिलं नाही. केरबा माझ्याकडं वळला. "मी अठरा वर्सं मागावर काढली. शेडात आमी सगळी ओठावरच बोलतो, आवाज काढून उपेग न्हाय. पर भाईरचा मानूस असं वाचाय लागल्यालं पयल्यांदा बघितलं. आणि त्या तपकिरीचं धड जुन्या हातमागाच्या सागवानाचं हाय, ह्ये मी सांगायच्या आधी त्यास्नी ठावं हुतं. लालमदी नुसता भुसा हाय. पर दात लावल्याला इसरणार न्हाय मी."

त्याचं बोलणं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. डोक्यात फक्त लाल गिटार होती.

परतीच्या एस.टी.त आम्ही समोरासमोरच्या बाकांवर बसलो. पोतं माझ्या मांडीवर होतं, आणि खरोखर जड होतं. गाडीचा पत्रा न् पत्रा वाजत होता. मी भीमाप्पाकडं बघत, आवाज न काढता, नुसता ओठांतल्या ओठांत चडफडलो, काय डोंबलाचं कळतंय म्हाताऱ्याला.

"डोंबलाचं न्हवं," भीमाप्पा म्हणाला, "लाकडाचं कळतंय."

मी बाकावर पुढं सरकलो. मग शेडमधले ओठ आठवले, फाउंड्रीतली भिंत आठवली, शांतव्वाचं सावकाश बोलणं आठवलं. मी पुन्हा आवाज न काढता ओठ हलवले. अण्णा, ऐकू येत नाही?

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. हातकणंगले मागं पडलं. मग माझ्याकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदाच जरा हळू आवाजात, म्हणाला, "सा वर्सं झाली. आदी ह्यो गेला, मग ह्यो." त्यानं दोन्ही कानांना बोट लावलं. "शांतव्वाला ठावं हाय. आणि आता तुला."

"डॉक्टर?"

"दावलं. कानातलं हाड गोठलंय म्हणाला. दातातनं मातर ऐकू येतंय. भांडं दातात धरून वाजवलं की घंटेगत वाजतंय." तो जरासा हसला. "एक सांगू? ऐकू येईना तवापास्नं निवड चुकली न्हाय माजी. इकणारा काय बोलतोय त्ये कळतच न्हाय. निस्ती वस्तू ऱ्हाती म्होरं."

मला हसू आलं आणि रागही आला. बहिऱ्या माणसाला मी गिटार निवडायला नेलं होतं. ही गोष्ट गल्लीत सांगितली असती तर लोक वर्षभर हसले असते. भीमाप्पानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी काही बोललो नव्हतो, तरी त्यानं वाचलं असावं.

"दादास्नी सांगणार व्हय?" त्यानं विचारलं. "सांग. पर मग मला कोण न्हेणार कुटं? सोमवारी मठात भजनाला बसतोय, टाळ वाजवायचा सोडलाय, गुडघं दुखत्यात म्हणून सांगतोय. गुळाच्या सौद्यालाबी जाईत न्हाय. दिवसातनं कोणतरी येतंय, अण्णा चला म्हणतंय, तेवढंच माणसात हाय मी." मग पोत्यावर हात ठेवून म्हणाला, "ही पाचव्या दिवशी वाजू दे. वाईट वाजली तर मी सोता सगळ्यांम्होरं टोपी काडून सांगीन, कान गेल्यात माजं, इथनं पुढं कुणी बोलवू नगा. तवर गप बस. हाय कबूल?"

मी मान हलवली. आता ती गिटार वाईट वाजून चालणार नव्हतं. तोवर फक्त माझी हौस होती, आता एका माणसाचं गल्लीतलं सगळं जगणंच त्या पोत्यात बांधलेलं होतं.

गिटार वाजवून बघायला मात्र काही साधन नव्हतं. पिराजीचा अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांत बसवलेले मोठे कर्णे गणपतीच्या हंगामात गावभर फिरत होते, पाचव्या दिवशी दुपारीच मिळणार होते. मला धीर निघेना. दादा शाळेत गेल्यावर मी गिटारीची वायर त्यांच्या रेडिओला जोडली. एक सेकंदभर "घ्रं" असा आवाज आला, मग धूर आला आणि दादांच्या सातच्या बातम्या कायमच्या थांबल्या. त्या एका सेकंदावरून आवाज बरा की वाईट हे ठरवणं शक्य नव्हतं. रेडिओही भीमाप्पानंच निवडलेला होता, त्यामुळं दादांना फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला गल्ली भरली. आरतीला म्हणून आलेल्या बायका ताटं घेऊन पुढं बसल्या होत्या. धोंडुबाई सगळ्यात पुढं. तिचा आवाज गल्लीत सगळ्यांत मोठा आणि दुसऱ्याचा आवाज तिला अजिबात खपायचा नाही. दर वर्षी तालमीचा लाऊडस्पीकर एकदा तरी तिच्या हातून बंद व्हायचाच. भीमाप्पा खुर्चीत बसला होता, शेजारी शांतव्वा, तिचा चेहरा उतरलेला. दादा खांबाला टेकून उभे होते.

पिराजीनं चार टोले दिले आणि मी तारांवर हात मारला.

फाउंड्रीचं छत कोसळावं तसा आवाज झाला. तालमीच्या कौलांवरचे कावळे उडाले ते थेट रंकाळ्याकडं गेले असावेत. एका आजोबांनी हात जोडले. मंडपवाला वायरमन काहीतरी जळालं म्हणून फ्यूजकडं धावला, त्याला पिराजीच्या भावानं धरून ठेवलं. बायकांनी आधी ताटातल्या निरांजनांवर हात धरला, मग कानांवर, मग त्या उठल्या. अर्ध्या मिनिटात पुढच्या चार ओळी रिकाम्या झाल्या. दादांनी कानांत बोटं घातली होती आणि ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू शास्त्र शाखा चुकलीच.

मला स्वतःला मात्र स्वर्ग दिसत होता. कॅसेटवर खरखरीतून जे ऐकलं होतं ते माझ्या हातातून निघत होतं. तार छेडली की सूर उभा राहायचा आणि बसायचं नावच घ्यायचा नाही. पण माझं काय, मला चांगलं वाटणारच. गल्ली पळत होती. आणि मग मागच्या मागं उभी राहिलेली सगळी माणसं एकाच ठिकाणी बघायला लागली. वस्तू कुणी निवडलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे टोपीकडं बघत होते.

भीमाप्पा खुर्चीत ताठ बसला होता. त्यानं हात वर नेला आणि टोपी काढली. वाजवायचं थांबलो असतो तर सगळंच संपलं असतं, म्हणून वाजवत राहिलो. टोपी हातात घेऊन तो उठला, चालत आला आणि कर्ण्याच्या लाकडी खोक्यासमोर उभा राहिला. माणसं ज्याच्यापासून वीस हात लांब पळाली होती, त्या खोक्याच्या कडेला त्यानं सगळ्यांदेखत दात लावले.

गाणं संपेपर्यंत तो तसाच होता. मी गाणं लांबवलं. पिराजीनं दोनदा शेवट केला, मी दोन्ही वेळा पुन्हा सुरुवात केली. भीमाप्पाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्याचा पाय, सहा वर्षं गुडघा दुखतो म्हणून सांगितलेला पाय, ठेका धरत होता.

शेवटी मी थांबलो. त्यानं खोक्याला लावलेले दात काढले, तोंड पुसलं, टोपी डोक्यावर घातली आणि दोन्ही हातांनी सरळ केली. मग खड्या आवाजात म्हणाला, "जड हाय. टिकाव बी हाय. तिसरी तार जरा उतरलीया, तेवढी चडीव."

मी तपासली. उतरलेली होती.

त्यानंतर जे झालं ते मी पुढं अनेक मोठ्या कार्यक्रमांतही बघितलं नाही. माणसं परत आली. बायका पुन्हा ताटं घेऊन पुढं बसल्या. भीमाप्पानं टोपी सरळ केली म्हणजे माल चांगला, आता आपल्याला तो सोसत नसेल तर दोष आपल्या कानांचा. सगळ्या गल्लीनं कानांत बोटं घातली आणि उरलेली वीस मिनिटं मान डोलावत, अदबीनं माझं मेटल ऐकलं. धोंडुबाईनंसुद्धा. आरती संपल्यावर शांतव्वा माझ्याजवळ आली, प्रसाद हातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "तम्मा, आयतवारी हे येतील तुज्याकडं. जरा मोट्यानं वाजव."

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता भीमाप्पा आमच्या माडीवर यायचा. गल्लीला सांगायचा, नरसूला भजन शिकवायला चाललोय. दार लावून घ्यायचा. मी गिटार मांडीवर घेऊन बसायचो, पिराजीनं मला विकत दिलेला एक कर्णा कोपऱ्यात, आणि भीमाप्पा माझ्यासमोर पाटावर बसून गिटारीच्या शिंगाला दात लावायचा. आधी अर्धा तास माझं मेटल. मग तो मठातलं भजन सांगायचा आणि मला ते त्याच गिटारीवर, त्याच आवाजात वाजवायला लागायचं. लाकडावर बोटांनी टाळ धरायचा. मी ठेका चुकलो की शिंग जोरात चावायचा. शिंगाच्या एका बाजूला कालांतरानं खाच पडली.

आई कापूस घालून बसायची. दादा चार वाजता फिरायला जायचे. पण गल्लीतून कधी तक्रार आली नाही, धोंडुबाईकडूनही नाही, आणि ती तर शेजारच्या घरातल्या मिक्सरवर भांडायला यायची. यावरून मी असा निष्कर्ष काढला की आमच्या गल्लीला संगीत कळायला लागलंय. फाउंड्रीत मी सगळ्यांना सांगत असे, कान तयार व्हायला वेळ लागतो, एकदा तयार झाला की लोक काहीही ऐकतात. पिराजीनं बँड सोडला, बेंजो पार्टीत परत गेला, तरी माझा हा समज टिकून राहिला.

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात भीमाप्पा गेला. आदल्या दिवशी कुणाला तरी कूलर निवडून देऊन आला होता. ते लिंगायत, त्यांच्यात बसवून माती देतात. शांतव्वानं पुढं होऊन त्याची टोपी दोन्ही हातांनी सरळ केली, आणि मला रडता रडता वाटलं, म्हणजे ही जागाही त्याला पसंत पडली असावी. त्याचं गुपित मी पाळलं होतं. सहा वर्षांत ना दादांना बोललो, ना आईला. त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

पुढच्या रविवारी चार वाजता मी माडीवर गेलो, दार लावलं आणि त्याच्या आठवणीसाठी गिटार लावली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, समोरची खिडकी धाडकन उघडली.

"नरसू," धोंडुबाई म्हणाली, "बंद कर त्ये."

मला धक्काच बसला. मी खिडकीत गेलो. खाली बघितलं तर आणखी चार घरांतली माणसं दारात येऊन उभी होती आणि वर बघत होती. "धोंडुबाई, सहा वर्षं मी हेच वाजवतोय," मी म्हणालो. "कधी काही बोलला नाहीत."

"सोसलं की सा वर्सं. आता कुणासाटी वाजवायलास?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा खाली आलेला ऐकला. "भीमाप्पाला दुसरं काय ऐकू येत हुतं रं?"

खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही. दादा फिरायला निघाले होते, तेही थांबून वर बघत होते, त्यांच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. धोंडुबाईनं पदरानं नाक पुसलं आणि खिडकी लावून घेतली.

मी कर्ण्याची वायर काढली. पाटावर बसलो, शिंगावरच्या त्या खाचेला दात लावले आणि तिसरी तार छेडली. उतरली होती. मी चढवून घेतली.